चष्म्यातली बांगडीवाली

नांदूरघाटात आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, जे पडेल ते काम आम्ही नवरा-बायको मिळून करतो. बायकांच्या कार्यक्रमांचा कॅमेरा माझ्याकडे असतो. हळद, डोहाळजेवण, बारसं. तिथं बायका माझ्यापुढं मोकळ्या बोलतात, आणि कॅमेरा बंद केला की जास्तच. गावातल्या कितीतरी जणींचं दुखणं डॉक्टरांच्या आधी मला ठाऊक असतं. माझ्या थोरल्या जावेचं मात्र मला सगळ्यांत शेवटी कळलं.

तिला मी अक्का म्हणते. वयानं बरीच मोठी असली तरी आमच्यात अगं-तुगं आहे, कारण मी नवी नवरी होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिल्यांदा हसून बोलली ती तीच. शेतातलं काम, घरातलं काम, दोन्ही तिच्या अंगावर. आजारी पडलेली मी तिला क्वचितच पाहिली होती.

एका दुपारी ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि पदर नीट करत म्हणाली, "माझा एक फोटो काढ. दवाखान्यात लागतो म्हणं."

"कशाला गं?"

"पिशवी काढायचीय."

दाढ काढायचीय म्हणावं तसं तिनं ते सांगितलं. नवरा बाहेरगावी शूटिंगला गेला होता. मी शटर अर्ध्यावर ओढलं, तिला पाणी दिलं, आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. पाळी नसतानाही मधेच अंगावरून जात होतं. कमरेत कळ यायची. खुरपायला सोबत येणाऱ्या बायकांना तिनं विचारलं, तर त्यांनी एकच सांगितलं होतं, काढून टाक आणि मोकळी हो.

"पण आत काय झालंय ते कुणी बघितलं का?" मी विचारलं.

"कावून बघायचं? काढायचीच हाय तर. काढताना भूल देतेत, आपल्याला काय कळत न्हाई. तपासायला मातर जागं ऱ्हावं लागतं."

ऑपरेशनला ती भीत नव्हती, ती तपासणीला भीत होती. आणि तपासणी चुकवायची म्हणून शरीराचा एक भागच देऊन टाकायला निघाली होती.

मग तिनं पोरगी झाली त्या वेळच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. कुठल्याशा दवाखान्यात तिला टेबलावर घेतलं होतं. पडदा नीट ओढलेला नव्हता, येणारे-जाणारे दिसत होते. कळा चालू असताना तपासायला घेतलं, तिनं पाय आखडले, तर तिथल्या बाईनं मांडीवर फटका मारला. वर तोंडानं बोलली ते वेगळंच. "नवऱ्याजवळ जाताना लाज वाटली न्हाई का, म्हणली. मी तवा ठरविलं, परत असं टेबलावर चढायचं न्हाई." अक्का हे सांगताना रडली नाही. फक्त दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांत घट्ट अडकवून बसली होती.

मी फोटो काढला नाही. म्हटलं, कॅमेऱ्याची बॅटरी उतरलीय, आधी आपण केजला एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन येऊ, नुसतं बोलायला. त्या बाईंच्या मुलीचं बारसं मी शूट केलं होतं, तेवढीच ओळख.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतल्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी अक्काचं सगळं ऐकून घेतलं, फटक्याची गोष्टसुद्धा. मग म्हणाल्या, "ताई, आत काय आहे हे बघितल्याशिवाय मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. गाडीतून आवाज येतो म्हणून कुणी सरळ इंजिन उतरवत नाही ना? पण आज तपासलंच पाहिजे असंही नाही. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. ती म्हणाली, "आलेच हाय तर बघा."

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक जाडजूड काळा चष्मा काढला. मी तो लगेच ओळखला. व्हीआर. डोळ्यांवर चढवला की चारी बाजूंनी फिल्मच दिसते, आपण तिच्या आत असल्यासारखी. बीडमध्ये एका प्रदर्शनात पोरं तो लावून आरडाओरडा करताना मी बघितली होती. बाईंच्या धाकट्या भावानं तो खेळायला घेतला होता आणि कंटाळा आल्यावर त्यांना देऊन टाकला होता. बाहेर काही दवाखान्यांत अशा तपासणीच्या वेळी बायकांना तो लावतात, त्यानं भीती आणि दुखणं कमी जाणवतं, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. म्हणून त्या अलीकडे करून बघत होत्या.

"यानं दुखणं जात नाही," त्यांनी अक्काला स्पष्ट सांगितलं. "लक्ष दुसरीकडं जातं, अंग कमी आखडतं. बघायचं का लावून?"

अक्का टेबलावर आडवी झाली. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले. चष्मा चढवला. आत कुठल्या तरी परदेशी समुद्राच्या तळाची फिल्म होती. निळं पाणी, मासे, मंद संगीत. मला वाटलं, छान आहे. अक्कानं दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या.

"पाणी हाय! अगं, वरपस्तोर पाणी हाय! मला पोहता येत न्हाई!"

तिनं चष्मा उपसून काढला आणि उठून बसली. "आणि डोळे बांधून खाली काय करणार हायत मला? न्हाई जमायचं."

मला वाटलं बाई आता चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातानं अक्काची साडी नीट केली, तिला खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. "चूक माझी आहे," त्या मला म्हणाल्या. "ज्या बाईनं विहिरीत कधी पाय घातला नाही तिला मी समुद्राच्या बुडाशी नेलं. पण माझ्याकडं दुसऱ्या फिल्म तरी कुठल्या आहेत? बर्फाचे डोंगर, हवेतला फुगा. फुग्यात बसवलं तर बायकांना गरगरतं." मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही शूटिंग करता ना?"

परतीच्या जीपमध्ये मी अक्काला विचारलं, तुला चष्म्यात काय बघायला आवडेल? मला वाटलं ती माहेर म्हणेल. तिचं माहेर चकलांब्याचं.

"माहेर नको. रडू येईल."

"मग आपलं शेत? कापूस फुटलेला?"

"शेत दावलं की मला गवत दिसंल. अर्धं ध्यान खुरपण्यात जाईल." ती हसली. मग बाहेर बघत म्हणाली, "ल्हान असताना आय मला उमापूरच्या बाजारात न्यायची. बांगड्या भरायला. तिथं एक बांगडीवाली होती. आपला हात हातात घ्यायची, असा दाबायची, चुरायची, आन् काय काय विचारत बसायची. आपुन बोलायच्या नादात. बांगडी कवा वर चढली कळायचंच न्हाई. मला ते लई आवडायचं. तेवढा येळ कुणी काम सांगत नव्हतं."

बास. मला फिल्म मिळाली होती.

चारी बाजूंचं टिपणारा कॅमेरा आमच्याकडं नव्हता. नवऱ्याचा एक दोस्त बीडला पुढाऱ्यांच्या सभा शूट करतो, त्याच्याकडून तो मागून आणला. कशासाठी हवाय, हे नवऱ्यानं त्याला सांगितलं नाही. मलाही आधी नवऱ्याला सांगायला अवघड गेलं होतं. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "वहिनीसाठी ना? मग लागेल ते कर." पुढं सगळं एडिटिंग त्यानंच केलं.

केजच्या बाजारात बांगड्यांचं दुकान असलेली एक चाची मला माहीत होती. लग्नांत चुडा भरायला तीच येते. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं खरं सांगितलं, कुणासाठी, कशासाठी. तिचं हसू थांबलं. तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "उसकू बहुत डर लगता क्या?"

"लई."

"मग खोटं खोटं नको. मी खऱ्या भरते. तुझ्या मापाहून एक नंबर लहान घेते. जरा दुखेल तुला. चालेल?"

कॅमेरा बुटक्या स्टँडवर माझ्या तोंडासमोर लावला. मी त्याच्या मागं अंग चोरून बसले आणि उजवा हात स्टँडच्या बाजूनं पुढं काढून चाचीच्या मांडीवर ठेवला. बघणाऱ्या बाईला तो आपलाच हात वाटावा, असा बेत. चाचीनं कॅमेऱ्याच्या काचेत बघितलं. अशी, जणू तिथं खरंच कुणी बसलंय.

"ये गं माय. बैस. कायकू डरती? हात ढिल्ला छोड. असा. बोटं सैल. आता श्वास घे, मोठा. सोड. माहेर कुठलं तुझं?"

मी उत्तर दिलं नाही, जागा मोकळी ठेवली. चाचीही थांबली, ऐकल्यासारखी मान हलवली आणि "अच्छा, लांब हाय की," असं म्हणून तळहाताची हाडं दाबत राहिली. एवढं ठरवलेलं नव्हतं. एकेक हिरवी बांगडी ती सांध्यावरून अलगद फिरवत वर नेत होती. एखादी अडली की थांबायची, "थांबू? थांबते," म्हणायची, परत अंगठ्याखाली चोळायची. मागं बाजाराचा गलबला, शेजारच्या गाड्यावर डाळिंबवाला ओरडतोय, दुकानातल्या काचेवर ऊन. सगळं आत आलं.

घरी येऊन फिल्म बघितली आणि डोक्याला हात लावला. बसून बघितली तर झकास. पण अक्का आडवी असणार होती. आडवं झालं की डोळ्यांपुढं चाचीच्या दुकानाचे पत्रे! नवरा स्टुडिओच्या फरशीवर उताणा झोपला, चष्मा लावून. "मला नुसता पंखा दिसतोय," म्हणाला. मग त्यानं कंप्युटरवर सगळं दृश्यच फिरवलं, माझं डोकं दिसत होतं ती मागची बाजू काळी केली आणि परत झोपून बघितलं. या वेळी तो दचकला. "चाची माझ्या छातीवर बसलीय!" शेवटी जेव्हा त्यानं झोपल्या झोपल्या हात पुढं केला आणि "आता बरोबर आहे," म्हणाला, तेव्हा आम्ही दोघं फरशीवरच हसत बसलो.

अक्काला आधी फिल्म घरीच दाखवली, खाटेवर. तिनं बघितली, परत लावायला सांगितली. मग म्हणाली, "कवा जायचं?"

डॉक्टरीणबाईंनी या वेळी घाई बिलकुल केली नाही. आत बघण्यासाठीचं, चोचीसारखं उघडणारं साधन त्यांनी अक्काच्या हातात दिलं, उघडून-मिटून बघू दिलं. फिल्मचा आवाज इतका बारीक ठेवला की चष्म्यातलंही ऐकू यावं आणि बाईंचं बोलणंही. "तुमचे डोळे झाकलेले असतील, म्हणून प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मी सांगणार. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार. कारण विचारणार नाही."

दार आतून लावलं. पडदा मी स्वतः ओढला. अक्का टेबलावर चढली. तिचा डावा हात माझ्या हातात होता, उजवा तिनं हवेत जरासा उचलून धरला होता, चाचीच्या मांडीवर ठेवल्यासारखा.

"आता मी हात लावतेय, ताई," बाई म्हणाल्या.

अक्काचे पाय आखडले. माझ्या बोटांत तिची नखं रुतली. "थांबा," ती म्हणाली.

बाईंनी हात मागं घेतला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मला चष्म्यातली चाची अगदी पुसट ऐकू येत होती. थोड्या वेळानं अक्काच म्हणाली, "हं. बघा आता."

बाई काम करत गेल्या, सांगत गेल्या. अक्काच्या कपाळावर घाम होता. उजव्या हाताची बोटं मात्र सैल पडत गेली. एकदम ती मोठ्यानं म्हणाली, "चकलांबा!"

बाईंनी चमकून वर बघितलं. "काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हटलं. "माहेर विचारलंय तिला."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंड खांद्यात लपवलं, पण हात हलू दिला नाही. "दिसलं," त्या म्हणाल्या. "ताई, पिशवीच्या तोंडाशी मांसाचा एक बारका कोंब आहे. बहुतेक त्यातूनच जात असणार. हा इथंच काढता येतो. आता काढू, की दुसऱ्या दिवशी येता?"

अक्कानं चष्मा वर सरकवला. छताकडं बघितलं, मग बाईंकडं. "दुखंल?"

"चिमटा बसेल. आणि थोडी कळ येईल."

"काढा. पर हिला पुन्हा पयल्यापासून लावा," चष्म्यावर बोट ठेवत ती म्हणाली.

चिमटा बसला. ती "आई गं" म्हणाली, माझा हात पिळला, आणि मग सुस्कारा सोडला. झालं. तो कोंब तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. अक्का कामाला जायची, पण फोन वाजला की खुरपं खाली ठेवायची. बाईंचा फोन मलाच आला. काही वाईट निघालं नव्हतं. पिशवी काढायची गरज नाही, अधूनमधून दाखवत चला, एवढंच.

मी तशीच शेतात गेले. अक्का बांधावर भाकरी खात होती. सांगितलं, तर तिनं हातातला घास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता खा तू बी दोन घास." एवढंच. पण त्या संध्याकाळी माझ्या थोरल्या दिरांनी दुकानात येऊन उगाच बराच वेळ नवऱ्याशी पिकाच्या गप्पा मारल्या, आणि जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "लई बरं केलं तुमी."

डॉक्टरीणबाईंनी ती फिल्म पुढं इतर बायकांनाही दाखवायला घेतली. कुणी चाचीला माहेर सांगायच्या, कुणी नुसत्या हसायच्या. एखादी म्हणायची, मला चष्मा नको, मला तुम्ही काय करताय ते बघायचंय. तिला बाई आरसा द्यायच्या. चाचीला हे कळलं तेव्हा तिनं मला दुकानात बसवून घेतलं, डाळिंब खायला दिलं आणि विचारलं, "मी बरी दिसते ना त्याच्यात? ओढणी सरकलेली तर न्हाई?"

मग एकदा अक्काच एका बाईला घेऊन दुकानात आली. तिच्यासोबत खुरपायला येणारी, साधारण तिच्याच वयाची. त्या बाईनंही पिशवी काढायचं ठरवलं होतं. अक्का तिला समजावत होती, "आधी बघू दे त्यास्नी काय हाय ते. मंग काढायची का न्हाई ते तू ठरीव. दुखतं का, तर दुखतं, खोटं कशाला सांगू. पर तिथं कुणी वाकडं बोलत न्हाई आपल्याला."

मी उत्साहानं चाचीची फिल्म लावायला घेतली. चार वाक्यं ऐकून त्या बाईनं हळूच चष्मा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"चांगलं हाय. पर मला बांगड्या नका दावू बाई."

तिचे हात मी तेव्हा बघितले. मोकळे होते. अक्का खाली बघत होती. त्या बाईचे मालक जाऊन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर तिचा हात कुणी असा हातात घेतला नव्हता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, मावशी, तुम्हाला काय बघायला आवडेल?

तिला असं कुणी विचारलेलं नसावं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला नुसतं बसून ऱ्हायचंय," शेवटी म्हणाली. "गार जागी. कुणी हाक मारायची न्हाई. कोण आलं-गेलं बघायचं न्हाई. जमतंय का असं?"

डोंगराच्या कडेला ओळखीच्या माणसाची सीताफळाची बाग आहे. तिथं कॅमेरा नेला, सावलीत ठेवला आणि मी दूर जाऊन एका झाडामागं बसले. काही घडू द्यायचं नव्हतं, म्हणून काही ठरवलंही नव्हतं. पानं हलत होती, होल्या पाखरांचं घुमणं ऐकू येत होतं. ऊन फांद्यांतून जमिनीवर सरकत होतं. मी स्वतः किती वर्षांनी अशी नुसती बसले होते, देव जाणे.

तेवढ्यात कुणाची तरी करडी शेळी बागेत शिरली. मी उठून हाकलेपर्यंत ती थेट कॅमेऱ्याजवळ गेली, काचेला नाक लावलं, हुंगलं, आणि शिंकली.

नवरा म्हणाला, कापून टाकतो. मी दोन्ही फिल्म तयार ठेवायला सांगितल्या, शेळीची आणि बिनशेळीची. त्या बाईला दोन्ही दाखवल्या. शेळीचं तोंड एवढं मोठं होऊन डोळ्यांपुढं आलं तशी ती मागं सरकली, आणि मग जी हसत सुटली, की अक्काही हसायला लागली, मीही.

"हीच लावा," ती डोळे पुसत म्हणाली. "हिला ऱ्हाऊ द्या."

आता केजला तीच फिल्म जास्त मागितली जाते. डॉक्टरीणबाईंची एकच तक्रार आहे. शेळी आली की बाई टेबलावर हसते, हसली की सगळं पोट हलतं, आणि तेवढा वेळ त्यांना हात रोखून थांबावं लागतं. मी म्हटलं, कापून देऊ का? तर म्हणाल्या, "अजिबात नाही. मी थांबेन."